दादाच्या घशातली नळी

११ नोव्हें., मंगळ.
दादा अजून आयसीयूतच. सटाण्याहून येताना मोटरसायकल घसरली, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. डोक्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणतात. तोंडातून नळी, छाती मशीनच्या तालावर वरखाली. माझा मोठा भाऊ, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

१३ नोव्हें., गुरु.
डॉक्टरीणबाईंनी वहिनीला नि मला बसवून सांगितलं. "फुप्फुसं बरी आहेत, श्वास स्वतःचा घेतायत. पण खोकून कफ काढणं, थुंकी गिळणं मेंदूच्या हाती. नळी काढली आणि जमलं नाही, तर पुन्हा घालावी लागेल." नाहीतर गळ्याला छेद देऊन तिथून नळी.
वहिनी : "गळा नको. आवाज गेला तर? विहारात बुद्धवंदना हेच म्हणून घेतात."
आवाज कायमचा जात नाही, बाई म्हणाल्या. वहिनीने ऐकलं की नाही, कोण जाणे. मी म्हणाले, आधी माणूस तर वाचू दे.

१४ नोव्हें., शुक्र.
वहिनीच्या वडिलांचा फोन. "जावई बरा शे ना?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
सिस्टर म्हणाल्या, कफ ओढताना चांगला खोकला. डोळे उघडतो, पण सांगितलेलं करत नाही. मी हात धरला. "दादा, दाब." काही नाही. "दाद्या, दाब ना रे!" बोट हललं. की मलाच तसं वाटलं? वहिनीला सांगितलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
नळी ठेवली तर न्यूमोनियाची भीती, काढली तर पुन्हा घालावी लागण्याची. वहिनी म्हणाली, "काढू दे." मी मान हलवली. चहा केला, तसाच राहिला.

१७ नोव्हें., सोम.
सकाळी काढली. घशात घरघर. फिजिओवाले, "खोका सर, जोरात!" काचेबाहेर वहिनी स्वतःच खोकत होती. दादाचा खोकला अगदी बारीक. पण आला.
बाई : "दोन दिवस धोक्याचे. आत्ताच खूश होऊ नका."
संध्याकाळी मला बघून ओठ हलले. पाणी मागत होता बहुतेक. द्यायचं नाही, सिस्टर म्हणाल्या.

१८ नोव्हें., मंगळ.
दुपारपासून धाप वाढलीय. बाई धावत आल्या, आम्हाला बाहेर काढलं, पडदा ओढला. नळी पुन्हा घालताहेत का, कुणी सांगत नाही.
आत्ता आतून खोकला ऐकू आला, मोठा. वहिनी म्हणते, "हा यांचाच. नळी घातली असती तर आवाज आला असता का?" शेजारच्या खाटेवरचा असेल, मला वाटलं. दोघी दाराला कान लावून उभ्या, पुन्हा खोकतो का ऐकत.