कुसुमावतीस देऊ केलेले घर

मी खंडोजी बिन येसाजी कासार, वय अदमासे चौसष्ट वर्षे, धंदा बांगड्या भरण्याचा, राहणार देवास, धाकटी पाती, हे लिहवून ठेवतो ते डोके ठिकाणावर असताना. नजर अधू झाली आहे, पायांवर सूज आहे, दोन पावले चालले की दम लागतो. पण माझे काय, दुसऱ्याचे काय, आणि माझ्या हातून कोणाचे काय गेले, एवढे मला नीट समजते. मला कोणी शिकवलेले नाही, कोणी भीती घातलेली नाही. अक्षर आमच्या आळीतले पेन्शनर कारकून मोरोपंत यांचे आहे, बोलणे माझे. मोरोपंतांचे म्हणणे की मालमत्तेपुरते लिहावे, इतर मजकूर वाढवू नये. मी त्यांस सांगितले की इतर मजकूर नसेल तर कोणास काय का दिले ते कोणालाच कळणार नाही. मग ते लिहू लागले.

कलम पहिले. माझे राहते घर, मातीच्या भिंतींचे, कौलारू, पुढे ओटी, मागे परसू व परसात विहीर आणि कडुलिंबाचे झाड, हे माझ्या वडिलांनी बांधलेले आहे. वडील पुण्याकडून सरकारच्या माणसांबरोबर इकडे आले. त्यांनी रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन जागा घेतल्या. रस्त्याची ही बाजू धाकट्या पातीची, ती बाजू थोरल्या पातीची. राज्ये दोन, रस्ता एक. एका राज्यात काही वाकडे झाले तर दुसऱ्या राज्यात चूल पेटती राहावी असा त्यांचा हिशेब. हे घर मला आले, समोरचे माझा धाकटा भाऊ मानसिंग यास. आम्ही वेगळे राहत होतो असे कोणी म्हणत नसे. सकाळी भाकरी इकडे झाली तर कालवण तिकडून येई.

मला मूलबाळ झाले नाही. मानसिंगास एकच मुलगी. ती जन्मली तेव्हा मी वाड्यात बांगड्या भरायला जात असे, तिथल्या एका बाईसाहेबांनी तिचे नाव सुचवले, म्हणून कासाराच्या घरात कुसुमावती असे लांबलचक नाव आले. तिची आई लवकर वारली. तिला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळे माझे कुटुंब सुमंगला हिने केले. दुपारी ती आमच्याकडे निजत असे, कारण आमच्या परसदारी लिंबाचा वारा येतो. लग्न धारेस करून दिले. नवरा शाळेत शिपाई होता, माणूस चांगला होता. तिला मुलगी झाली. पहिल्या बाळंतपणाला ती इथेच होती. त्या मुलीला सगळे ताईच म्हणत, दुसऱ्या नावाची तिला ओळखच नव्हती.

हे घर मी सदर कुसुमावती इजला देतो. कारण पुढे लिहितो.

क्रोधीनाम संवत्सरात, शके १८२६च्या चैत्रात, गावात प्लेग आला. समोरच्या बाजूला उंदीर पडले, तेव्हा तिकडची माणसे टेकडीमागच्या माळावर झोपड्या घालून राहायला गेली. मानसिंग गेला. जाताना म्हणाला, दादा, तूही चल. आमच्या बाजूला अजून उंदीर पडला नव्हता. मी गेलो नाही. दाराला आतून अडसर घातला, धान्य घरात होते, पाणी परसातल्या विहिरीचे, आणि कोणास आत घ्यायचे नाही, कोणी बाहेर जायचे नाही असे ठरवले. आळीतल्या सगळ्यांनीच तसे केले.

वद्य पक्षातली गोष्ट. ऐन दुपार होती. दारावर थाप पडली आणि कुसुमावतीचा आवाज आला. धारेस तिचा नवरा त्याच रोगाने गेला होता. सासरी दुसरे कोणी नव्हते. ती मुलीला घेऊन बैलगाडीने इंदूरवरून आली होती. गाडीवान तिला वेशीवर सोडून परत फिरला. बापाच्या दाराला कुलूप दिसले म्हणून ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

मी दाराच्या आतून तिला सगळे विचारले. नवरा कशाने गेला तेही विचारले, आणि तिने खरे सांगितले. खोटे सांगितले असते तर मी दार उघडले असते का, हे मी पुष्कळदा मनात घोळवले आहे. मी तिला म्हणालो की तुझा बाप टेकडीमागे आहे, तिकडे जा. ती म्हणाली, "जाते काका. ताईला तेवढं पाणी द्या. सकाळपासून तिच्या पोटात पाणी नाही."

सुमंगला तांब्या भरून माझ्यामागे उभी होती. पाणी द्यायचे तर अडसर काढावा लागणार. मी अडसरावर हात ठेवून उभा राहिलो. सुमंगलेने माझा हात ओढला, तेव्हा मी तिला ढकलले. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर हात टाकला तो तेवढाच. तांब्या सांडला. बाहेर मी सांगितले की वाटेत तलाव आहे, तिथे पाणी मिळेल. थोड्या वेळाने पावलांचा आवाज लांब गेला.

त्या दिवसांत तलावात माणसे आजाऱ्यांचे कपडे धूत असत. मला ते ठाऊक होते. बोलताना आठवले नाही, एवढेच.

मुलीला त्याच रात्री जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी ती माळावर वारली. वैद्य उमाशंकर हे जिवावर उदार होऊन झोपड्यांतून फिरत होते, ते माझ्या दाराशी येऊन बाहेरूनच म्हणाले, "खंडू भिया, छोरी के गांठ नी थी." गाठ नव्हती. ताप नव्हता. घरात घेतली असती तर जगली असती, असे ते म्हणाले नाहीत. पण तेवढ्याच कामासाठी ते उन्हातून आले होते. ते आज या कागदावर साक्ष घालणार आहेत. त्यांनी मला विचारले की हे लिहून काय मिळणार. मी म्हणालो, काही नाही.

पुढे आठ दिवसांत मानसिंगही झोपडीत वारला, तो मात्र गाठीने. त्याला मी खांदा दिला नाही. दार मी वैशाखात उघडले.

कलम दुसरे. माझे कुटुंब सुमंगला हिचे स्त्रीधन, नथ, पुतळ्यांची माळ व तांब्याची घागर, याजवर माझा हक्क नाही, व माझे म्हणून कोणी मागू नये. ते सर्व कुसुमावतीकडे पोचले आहे. ते असे. कुसुमावती माळावरून परत येऊन बापाच्या घरी एकटी राहू लागली, त्यानंतर तेरा दिवसांनी सुमंगलेने आपले लुगड्यांचे गाठोडे बांधले. भांडण झाले नाही. मी ओटीवर होतो. ती म्हणाली, "मला आता या घरात झोप लागत नाही," आणि रस्ता ओलांडून गेली. मला वाटले चार दिवस राहील. ती चार वर्षे राहिली. दोघी मिळून शेवया, पापड करून विकत, गोधड्या शिवत. मी भाजी पाठवी, ती घेत असत. सणाला बांगड्या पाठवल्या, त्या परत आल्या. बोलणे नव्हते. समोरासमोर दारे, त्यामुळे मला ती रोज दिसे.

शके १८३०च्या आषाढात ती वारली. सवाष्ण गेली, म्हणून हातात हिरवा चुडा भरायला हवा. कुसुमावतीने निरोप पाठवला की काका, कासार म्हणून या. मी पेटी घेऊन गेलो. तिच्या मनगटाचे माप मला डोळे मिटून ठाऊक होते, त्या मापाच्या बांगड्या नेल्या होत्या. त्या हातात ठरेनात. घरंगळून कोपरापर्यंत जात. परत येऊन लहान पोरींच्या मापाच्या नेल्या आणि त्या भरल्या. आयुष्यात हजारो हात धरले, इतका गार हात धरला नव्हता. भरून झाल्यावर कुसुमावती म्हणाली, आता जा. मी आलो.

कलम तिसरे. दुकानचा माल, म्हणजे बांगड्यांची पेटी, दोऱ्यांत ओवलेल्या माळा, मापाच्या पितळी कड्या. यातले कुसुमावतीस काही देता येत नाही. तिचे हात मोकळे आहेत. जन्मभर जो माल विकला त्यातला एक नगही तिच्या उपयोगाचा नाही. करिता आळीतल्या प्रत्येक सवाष्णीस, जात न पाहता, तिच्या मापाच्या डझनभर बांगड्या द्याव्या. मोरोपंतांच्या सुनेला लाखेच्या आवडतात, तिला त्या द्याव्या. कड्या टोंकखुर्दच्या बाजारात बसणाऱ्या कोणाही गरीब कासारास द्याव्या.

आळीबद्दल माझी तक्रार आहे, तीही लिहावी. मला कोणी बोल लावला नाही. त्या चैत्रात सगळ्यांचीच दारे लागलेली होती, म्हणून सगळे म्हणाले की खंडोजीने केले ते शहाणपणाचे केले. पुढल्या वर्षी मला आळीचा पंच केले. बायका पूर्वीसारख्याच हात पुढे करत राहिल्या. एकाने जरी तोंडावर सांगितले असते, तर मला त्याच्याशी भांडता आले असते. माझ्याशी खरे वागली ती एक सुमंगला.

कलम चौथे. बदनावरचे माझे चुलतभाऊ, जे स्वतःस बापूसाहेब म्हणवतात, यांस काही देऊ नये. सुमंगलेच्या दहाव्याला ते आले, पिंडाला कावळा शिवायच्या आत घरी येऊन परसू पावलांनी मोजू लागले. लिंबापर्यंत एकोणीस पावले भरली, असे त्यांनी मलाच सांगितले. कुसुमावतीने घर घेतले नाही तर ते त्यांच्याकडे जाईल हे मला ठाऊक आहे. ते लिंब तोडतील.

कलम पाचवे. माझ्या दहनाची लाकडे व सामान याची तजवीज उमाशंकर यांच्याकडे केलेली आहे. अग्नी कोणी द्यावा हे मी लिहीत नाही. जो हजर असेल त्याने द्यावा. दिवस घालू नयेत.

इथवर मजकूर झाल्यावर मोरोपंतांनी सबंध वाचून दाखवला. ते म्हणाले, जिला घर द्यायचे तिला विचारलेले बरे. मी नको म्हणत होतो. उमाशंकर रस्ता ओलांडून गेले आणि तिला घेऊन आले. ती ओटीवर चढली नाही, रस्त्यात उभी राहिली. हाताला पीठ होते. मोरोपंतांनी तिला पहिल्यापासून सगळे वाचून दाखवले, तांब्या सांडल्याचेही. ते तिला आजवर माहीत नव्हते असे दिसले, कारण तेवढ्यापुरते तिने वर पाहिले. मी मोरोपंतांस म्हणालो की ती काय बोलते तेही लिहा.

ती म्हणाली, "काका, मी रागानं बोलत नाही. राग होता, तो काकू असतानाच सरला. पण हे घर मला नको. यात राहायचं तर रोज आतून अडसर घालावा लागेल. तो हातात धरला की मला तुम्ही दिसाल, आणि बाहेर मी दिसेन."

मी म्हणालो की विकून टाक. ती म्हणाली की विकायलाही आधी घ्यावे लागते. बापूसाहेबांचे सांगितले. लिंब तोडतील म्हणालो. ती म्हणाली, तोडू द्या. मग उमाशंकरांस तिने विचारले की पायांची सूज कधीपासून आहे, त्यांनी सांगितले, आणि ती गेली. तवा चुलीवर ठेवून आली होती.

मोरोपंतांनी पहिले पान पुन्हा वर काढले. म्हणाले, खंडोजी, पहिल्या कलमात आता कोणाचे नाव घालू. मी आठवून पाहिले. भाऊ नाही, कुटुंब नाही, ताई नाही. आळीत शंभर माणसे आहेत, त्यांतला एकही माझा नाही. मोरोपंतांस म्हणालो की माझ्याजवळ दुसरे नाव नाही. ती घेणार नाही हे मला कळले आहे, तरी लिहिले आहे तेच राहू द्या. त्यांनी राहू दिले.

सही खंडोजी बिन येसाजी कासार, दस्तुर खुद्द. नजर अधू आहे म्हणून अक्षर वेडेवाकडे आहे, पण माझेच आहे.

साक्षी: उमाशंकर वैद्य, राहणार देवास, थोरली पाती. मजकूर ऐकला; छोकरीबद्दल लिहिले आहे ते खरे आहे.

साक्षी: कृष्णराव नीलकंठ, शाळामास्तर, राहणार देवास, धाकटी पाती. मृत्युपत्र करणाराने माझ्यादेखत सही केली.

हस्ताक्षर मोरोपंत भास्कर, पेन्शनर कारकून. सांगितले तसे लिहिले, पदरचे घातले नाही.

मुक्काम देवास, मिती कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, शके १८३२, साधारणनाम संवत्सर. तारीख २१ नोव्हेंबर १९१०.