भिंतीवर दुसरा हात न मारणेबाबत

प्रति,
मा. सुशोभन अधिकारी साहेब,
नगर सुशोभन कक्ष (भिंती व कुंपणे),
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : श्रीमती चंपाबाई बन्सी मगरे, वय ६१, काम वसतिगृहात स्वयंपाक, रा. पाण्याच्या टाकीमागील गल्ली, गारखेडा परिसर.
अर्जलेखक : अप्पाराव, औरंगपुरा. (बाईंना सही येते, अर्ज लिहिता येत नाही.)

विषय : टाकीच्या कुंपणभिंतीवर येत्या शुक्रवारी मारावयाचा चुन्याचा दुसरा हात व त्यावरील तैलरंगातील घोषवाक्य थांबवणेबाबत, तसेच पहिला हात पाण्याने धुऊन काढण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदारांचाच दि. १४ जून २०२१ चा अर्ज, आवक क्र. ८१७.
२) आपल्या कक्षाचे दि. १२ नोव्हेंबर २०२५ चे पत्र, 'अर्ज निकाली काढण्यात आला'.

महोदय,

१. अर्जदारांचा एकुलता एक मुलगा प्रणय हा चित्रकार होता. यातील 'होता' हा शब्द बाईंनी दोनदा खोडायला लावला व अर्जलेखकाने तो तिसऱ्यांदा लिहिला, तरी खाडाखोड माफ असावी. प्रणय गावोगावच्या विहारांसाठी मोठाली तैलचित्रे काढी. गेल्या ९ फेब्रुवारीस पाचोडच्या विहारातील भिंतीचे माप घेऊन मोटारसायकलवर परत येताना बीड रस्त्यावर अपघातात तो वारला. मापाची चिठ्ठी खिशात शाबूत निघाली.

२. येत्या रविवारी, दि. २३ रोजी, शहरातील पाच कलाकार आपापले स्टुडिओ लोकांना पाहण्यासाठी दिवसभर उघडे ठेवणार आहेत. प्रणयची मैत्रीण विशाखा, जी स्वतः मूर्तिकार आहे, तिने प्रणयची पत्र्याची खोलीही यादीत घातली. कलाकाराने जातीने हजर राहावे असा त्यांचा नियम आहे. त्या रकान्यात विशाखाने 'आई' असे लिहिले. तेव्हापासून बाई वसतिगृहातल्या चपात्या लाटता लाटता पाठ करीत आहेत, की कोणते चित्र कोणत्या गावचे. चित्रातले त्यांना फारसे कळत नाही, हे त्या स्वतःच सांगतात. लोकांना छातीठोकपणे समजावून सांगता येईल अशी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती. ती म्हणजे सदरहू भिंत.

३. खोलीच्या दारासमोर, दोन हातांची गल्ली सोडली की टाकीची कुंपणभिंत आहे. शाळेत होता तेव्हापासून प्रणय काम थांबवताना बाहेर येऊन कुंचला या भिंतीला पुसत असे. कमरेएवढ्या उंचीवर शाळकरी वयातले डाग होते. ते पाण्याच्या रंगांचे असल्याने पावसानेच गेले, त्याबद्दल अर्जदारांची काही तक्रार नाही. त्यावर तैलरंगाचे डाग सुरू होत, ते तो वाढला तसे वर चढत गेले आणि त्याच्या खांद्याच्या उंचीवर येऊन थांबले. बाईंनी त्याला हजारदा विचारले असेल, की घरात चांगली फडकी असताना म्युन्सिपाल्टीची भिंत कशाला घाण करतोस. तो म्हणे, "फडकं फेकून द्यावं लागतं आई. भिंत कोण फेकतंय?"

४. आता संदर्भ क्र. १ विषयी. २०२१ साली शेजारच्या द्वारकाबाई यांनी बाईंना भीती घातली, की सरकारी भिंतीचा दंड तुझ्याच नावाने निघेल. बाई तडक औरंगपुऱ्यात आल्या आणि 'मुलगा ऐकत नाही, तरी भिंतीस चुना मारून मिळावा' असा अर्ज त्यांनी लिहून घेतला. तो अर्ज याच अर्जलेखकाने लिहिला होता. 'सदर डाग अत्यंत किळसवाणे दिसतात' हे वाक्य बाईंचे नाही. ते अर्जलेखकाने वजन यावे म्हणून पदरचे घातले. त्याबद्दल त्यास आज मान वर करवत नाही.

५. शिक्क्याची पोच घेऊन बाई घरी गेल्या, की आता बघ तुझी कशी खोड मोडते. प्रणयने ती वाचली आणि तो बाजेवर पडून हसत सुटला. दुसऱ्या दिवशी त्याने ती काचेच्या चौकटीत बसवून खोलीत लावली आणि खाली लिहिले, 'माझ्या कामाची सरकारदरबारी पहिली नोंद. सौजन्य : आई.' येईल त्याला तो ती आधी दाखवी, मग चित्रे. आपल्या कक्षाने त्या अर्जाचे चार वर्षे काहीच केले नाही, याबद्दल अर्जदार आपल्या मनापासून आभारी होत्या.

६. सोमवार दि. १० रोजी आपले मुकादम काकासाहेब हे स्टुडिओच्या गल्ल्यांची पाहणी करीत आले. बाईंनी त्यांना चहा दिला, चित्रे दाखवली. चौकटीतली पोच वाचून ते ओशाळले. म्हाताऱ्या बाईचे काम चार वर्षे पडून राहिले, आणि आता तर पाहुणे येणार, असे त्यांना वाटले. त्यांनी आवक क्रमांक टिपून घेतला. बुधवारी बाई स्वयंपाकावर असताना चुना मारून झाला आणि दाराच्या कडीत संदर्भ क्र. २ चे पत्र अडकवलेले होते. संध्याकाळी बाई आल्या त्या आपली गल्ली समजून दुसऱ्याच्या गल्लीत शिरलो असे वाटून माघारी फिरल्या. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या द्वारकाबाईंनी हाताला धरून त्यांना घरी आणले. काकासाहेबांचा यात काही दोष नाही, त्यांनी चांगुलपणानेच केले, हे बाईंनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

७. गुरुवारी बाईंनी उलथन्याने चुना खरवडण्याचा प्रयत्न केला. एक पोपडा निघाला, पण त्याच्या पाठीला निळा रंगही निघून आला. बाईंनी उलथने तिथेच टाकले. विशाखाचे म्हणणे असे, की चुना ओल्या फडक्याने हळूहळू सुटेल, तैलरंग पाण्याने जात नाही. परंतु शुक्रवारी त्यावर दुसरा हात आणि तैलरंगाने घोषवाक्य बसले, तर मग काही निघणार नाही. इकडे काकासाहेबांनी सांगितले, की रंगवलेल्या सरकारी भिंतीस हात लावणे हे विद्रूपीकरणात मोडते व काम अर्जदाराच्याच अर्जावरून झाल्याने ते थांबवता येत नाही.

८. बाई आज सकाळी येऊन म्हणाल्या, "लिवा अप्पाराव, का पहिला अर्ज म्या केलाच नव्हता." अर्जलेखकाने समजावले, की खाली तुमची सही आहे, खोटे लिहिता येणार नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग लिवा, का माय रागावली व्हती. रागात बोललेलं कुणी खरं करतं व्हय?"

सबब नम्र विनंती की,

अ) अर्ज क्र. ८१७ हा आईचा राग समजून, दिल्या तारखेपासूनच मागे घेतला असे नोंदवावे.

आ) शुक्रवारचे काम थांबवावे. बाईंना ओल्या फडक्याने भिंत धुऊ द्यावी. पाणी त्या घरून आणतील, टाकीचे घेणार नाहीत.

इ) भिंत पांढरीच हवी असा नियम असल्यास तीन फूट रुंद व पाच फूट उंच एवढा तुकडा सोडून बाकीची भिंत बाई स्वतः दरवर्षी पांढरी करून देतील.

ई) तेही बसत नसल्यास, भिंत घाण केल्याची रीतसर नोटीस काढावी. ती मात्र प्रणय बन्सी मगरे याच्या नावाने, घरच्या पत्त्यावर पाठवावी. फेब्रुवारीपासून त्याच्या नावाचा एकही कागद घरी आलेला नाही.

आपली नम्र, व पहिल्या अर्जाबद्दल पस्तावलेली,

(सही) चंपाबाई बन्सी मगरे
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) भिंतीचे जुने छायाचित्र, एक. (त्यात प्रणय आहे. तो हसत असल्याने हलला आहे.)
२) अर्ज क्र. ८१७ ची मूळ पोच, चौकटीसह.
३) चुन्याचा पोपडा, एक, कागदाच्या पुडीत. पाठीमागे निळा रंग. पुडी वाऱ्यात उघडू नये. अर्ज मंजूर होवो वा न होवो, क्र. ३ परत मिळावा.