जावयानं साफ केलेली बंदूक

मुक्काम हिवरखेड

जावईबापू उत्तमराव यांसी सासऱ्याचा रामराम.

दसऱ्याले बार उडवाले तुमी माही ठासणीची बंदूक बडनेऱ्याले नेली आन् साफ करून परत आणली. बाहेरून अशी चमकत होती का तुमच्या सासूनं तिची दृष्ट काढली. जावयानं साफ केलेली बंदूक तपासावी कशी? मी तशीच दारू ठासली.

काल वाडीत रानडुक्कर शिरलं. नेम धरून घोडा ओढला. ठिणगीची टोपी फुटली, पण बार उडलाच नाई. डुकरानं माह्याकडं पाह्यलं आन् पुन्हा रताळी उकराले लागलं.

नळीतली दारू उपसली, तं संगं तूप निघालं. साजूक! अवो, आतली काजळी उकळत्या पाण्यानं धुवा लागते, नळी कोरडी करा लागते, मंग तेलाचं बोट. तुमी काजळीवरच तूप ओतलं. बंदूक हाय का पुरणपोळी?

तुमची सासू म्हणते, जावयाले बोलू नये. बोलत नाई. हे पत्रही धाडत नाई. दारूवर ठासाले कागदाचा बोळा लागतेच, तो याचाच करतो. डुक्कर आलं आन् आवाज बडनेऱ्यापर्यंत आला, तं समजा, सासरा बोलला.

तुमचा मुका सासरा,
गोवर्धन