वादळाचा दुसरा दिवस

आई,

गेल्या आठवड्यात सूर्याकडून आलेलं एक मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. लडाखचं आकाश लाल झालं आणि आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे फोटो फिरायला लागले. ज्यांना एरवी पार्किंगशिवाय विषय सुचत नाही ते सगळे एका संध्याकाळपुरते शास्त्रज्ञ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर पुन्हा पार्किंग. तू असतीस तर हसली असतीस आणि डबा भरून कामाला गेली असतीस, कारण तुझं खरं काम तेव्हा सुरू व्हायचं.

मला एक शनिवार आठवतो. मी दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत जात होते, बाबांना जाऊन थोडेच महिने झाले होते. घरी मला बघायला कुणी नव्हतं म्हणून शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशीही तू मला प्रयोगशाळेत नेऊन बसवायचीस. शुक्रवारी वादळ आलं तेव्हा तुझ्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरचे साहेब, शेजारच्या विभागातली माणसं, समोसे, चहा. तुझं यंत्र आकाशात रेडिओलहरी सोडायचं, त्या वर आयनांबरावर, म्हणजे हवेतल्या विद्युतभारित थरावर, आपटून परत यायच्या, आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून तो थर किती उंचावर आहे ते तू सांगायचीस. दक्षिणेतल्या केंद्रावरून फोन आला, विषुववृत्तावरचा थर भराभर वर चढतोय. सगळे खूश. शनिवारी मात्र खोलीत तू, मी आणि यंत्राचा घरघरणारा पंखा. मी म्हटलं, "वादळ कालच संपलं ना?" तू कागदावरून मान वर न करता म्हणालीस, "ध्रुवाकडे संपलं. आपल्याकडे आत्ता पोचतंय."

मग घरी पोळ्या लाटता लाटता तू मला ते समजावलंस. वादळाचा पहिला धक्का विजेचा, तो लगेच विषुववृत्तापर्यंत येतो आणि दिवसाउजेडी तिथला थर वर उचलतो. पण वादळाची बरीचशी ऊर्जा ध्रुवांजवळ ओतली जाते, तिथली वरची हवा तापते आणि तिचे वारे सावकाश आपल्याकडे निघतात. ते पोचेपर्यंत एखादा दिवस जातो, कधी जास्त. पोचले की उलटंच करतात. दिवसा जो थर चढायला हवा तो चढू देत नाहीत, आणि विषुववृत्तावरून उसळून जे विद्युतभारित कण आपल्या बाजूला पसरायचे तेही मग पसरत नाहीत. "आपल्या डोक्यावर सगळं रिकामं रिकामं," तू म्हणालीस. तुमच्या विभागात येणारा प्रत्येक नवा माणूस एकच चूक करायचा. चुंबकमापकाची रेघ शांत झाली की खास रेकॉर्डिंग बंद करून घरी. तू ते पुढे चालू ठेवायचीस. मॅडम मांडव उतरवल्यावर जेवायला येतात, अशी तुझी चेष्टा व्हायची आणि तुला त्याचं काही वाटायचं नाही.

बाबा गेले तेव्हाही घरात उभं राहायला जागा नव्हती. तू सगळ्यांना चहा दिलास, परतीची रिझर्वेशनं मिळवून दिलीस, पुढच्या आठवड्यात कामावर रुजू झालीस. मावशीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी मोठ्या माणसासारखं सांगितलं, "आई आता एकदम ठीक आहे." फोन ठेवल्यावर तू मला झापलंस. "एका दिवसाच्या रीडिंगवर निकाल देतात का गं? मला विचारायचंस तरी." मला फार लागलं होतं ते. मग थंडीत एका साध्या दुपारी, वर्तमानपत्रावर मटारचा ढीग घेऊन बसलेली असताना तू रडायला लागलीस आणि दिवे लागेपर्यंत थांबली नाहीस. काय करावं ते मला कळेना. मी शेजारी बसून मटार सोलत राहिले.

आई, माझा नवरा दिवाळीनंतर गेला. तुझी नात आठवड्याभरात शाळेत जायला लागली, तिने दहावीची परीक्षा दिली, मैत्रिणींशी हसते, वेळेवर जेवते. तिच्या बाई मला गेटवर गाठून म्हणाल्या, "बच्ची बहुत स्ट्राँग है जी." नणंद म्हणाली, "अकरावीला तिला इकडे पुण्याला पाठव. किती छान सावरलंय तिने." लेकीलाही जायचं आहे, तिथलं कॉलेज तिने कधीचं बघून ठेवलंय. मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले, थांबा, तिचं रडू अजून यायचंय, ते परक्या गावात यायला नको. मी तुझी मुलगी आहे, मला हे बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं असं मला वाटत होतं.

परवा ते लाल आकाशाचे फोटो बघता बघता मी तिला तुझा तो शनिवार सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मम्मा, माझं येऊन गेलं यार. जानेवारीपासून. तू ऑफिसला गेलीस की मी खाली बेसमेंटमध्ये जाऊन पप्पांच्या गाडीत बसायचे. काचा बंद करून." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू इतकी नॉर्मल होतीस ना. मला वाटलं तुझं बिघडेल. तुझंच अजून आलं नाहीये." इतक्या सरळपणे म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना. माझ्या लेकीजवळ मटार सोलत बसायलाही कुणी नव्हतं, आई, आणि मी त्याच घरात होते.

हे मी ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिते आहे, एक मेल उघडून, वरचा पत्त्याचा रकाना तसाच ठेवून. थोड्या वेळाने पुसून टाकेन. आज सकाळी नणंदेचा पुन्हा फोन आला, प्रवेशाची मुदत संपत आलीय म्हणाली. मी म्हटलं, या वर्षी राहू दे, ती अजून सावरलेली नाही. लेक समोरच टोस्ट खात होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मला खोटं पाडलं नाही, बशी उचलून आत गेली. मला या घरात एकटीने राहायची भीती वाटते. ते तिला कळलंय, म्हणून ती जात नाहीये. आणि मी अजून तिला जा म्हटलेलं नाही.