कवड्या हातात असेपर्यंत

माय, तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून वसतिगृहातून मी पत्रं बाबांच्या नावाने पाठवायची आणि शेवटच्या ओळीत तुला नमस्कार असायचा. हे पत्र फक्त तुला आहे. तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा ते वाचून दाखवायचा प्रश्न उरलेला नाही.

मला त्या दुपारी नेमक्या आठवतात. वेचणी संपल्यावर उरलेली अर्धवट उमललेली बोंडं घरी यायची आणि ओट्यावर बसून ती फोडून कापूस काढायचा. भाऊ आणि मी कंटाळायचो, म्हणून तू तो खेळ काढलास. एक टोपली फोडली की एक मंतर मिळायचा. गोष्ट तू सांगायचीस. "आते तुम्ही डोंगरम्हा शेतस. मोऱ्हे राक्षस बठेल शे. काय करशात?" आम्ही मंतर म्हणायचा, तू सात कवड्या टाकायच्यास, आणि चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर मंतर लागला. मंतर तीनच. बांधायचा, मुकं करायचा आणि उलट. उलट म्हणजे आलेला मंतर टाकणाऱ्यावर परत.

एकदा भाऊ राक्षसाला सोडून माझ्यावरच उठला. त्याने मला मुकं करायचा मंतर म्हटला. तू कवड्या खुळखुळवत होतीस तेवढ्यात मी म्हटलं, उलट. भाऊ ओरडला, "माय, हाई मुकी व्हई गयी! मुकी मंतर कशी म्हनी?"

तू मूठ पुढे केलीस. "कवड्या कोठे शेतस?"

"तुन्हा हातम्हा."

"मंग मंतर आजून वाटम्हा शे. वाटम्हा शे तवलोंग तिन्हं तोंड उघडं."

"तू इन्हीच बाजू लेस."

"बोंडं फोड. कमी बोलशी त जास्त मंतर भेटतीन."

कवड्या पडल्या, पाच उताण्या. भाऊ टोपली संपेपर्यंत मुका राहिला, नुसता डोळे वटारत. मला मात्र प्रश्न थांबवता येईनात. उलटवर उलट टाकला तर? तू विचार केलास आणि म्हणालीस, मग पहिला खरा. आणि तिसरा उलट? तो चालणार नाही, एका फेकीवर दोनच, नाहीतर टोपली कधी संपायची. मी पाटीवर नऊ घरं आखून कोणत्या मंतरापुढे कोणता टिकतो ते लिहायला घेतलं, तेव्हा तू पाटी उचलून कोनाड्यात ठेवलीस. "लिखतच बसशी त खेळशी कवय?" मला राग आला होता. आज मी विजेच्या उपकेंद्रात रिले तपासते. तारेवर बिघाड झाला की कोणत्या रिलेने आधी वीज तोडायची आणि कोणी किती थांबायचं, हे ठरवणं माझं काम आहे. त्याचे तक्ते मी आखते, पण आधी प्रत्येक रिले प्रत्यक्ष चालवून पाहते. ते त्या पाटीमुळे.

मॅट्रिक झाल्यावर तंत्रनिकेतनातून प्रवेशाचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात धानोऱ्याहून मला पाहायला पाहुणे आले. बाबांनी होकार दिलेला मी आतून ऐकला. तू चुलीपाशी चहा गाळते आहेस. मी म्हणते, "बाबास्नी शब्द दिधा. संपनं."

"सुपारी फुटनी का?"

"नही. आते अडकित्ता मांगतस."

"मंग वाटम्हाच शे." तू फडताळातून अडकित्ता काढून माझ्या हातात देतेस. "जाय. बोल."

"तूच बोल ना, माय."

"मन्हं तुन्हा बाबा रोज ऐकतस नि सोडी देतस. तुन्हं आजून कोनी ऐकेल नही."

मी बाहेर गेले. बाबांनी हात पुढे केला. मी अडकित्ता दिला नाही. "बाबा, माले शिकनं शे. तीन वरीस सुपारी फोडू नका." एवढंच. मग पाहुण्यांतले म्हातारे हसले. "पोरगी अडकित्ता सोडत नही, आते आम्ही काय दातखाले फोडूत?" सगळे हसले, आणि त्या हशात बाबांना वाट मिळाली. सुपारी ताटात परत ठेवत ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तीन वरीसम्हा सुपारी कुजत नही." मी आत आले तेव्हा तू चहाच्या कपबश्या मांडत होतीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. फक्त म्हणालीस, पाहुण्यांना साखर जास्त लागते.

दुसऱ्या वर्षी तापात तू गेलीस. धानोऱ्याच्या लोकांनी वाट पाहिली नाही, ते बरंच झालं.

काल उपकेंद्रात नवीन आलेल्या मुलीने विचारलं, तुम्हाला या शिक्षणाला पाठवलं कोणी? हा प्रश्न मला मुलाखतीतही विचारला होता. तुझं नाव घ्यायचं तर ओटा, बोंडं, कवड्या सगळं सांगावं लागतं, आणि ते ऐकून लोक हसतील असं मला वाटत आलं. मी तिला म्हटलं, वडिलांनी.