पुंजाबाबांसाठी बेक पास्ता

रविवार, ५ जानेवारी २०२५. सकाळी ७ वाजून ४० मिनिटे. मोखाडा.

नखं कापत होतो. नखं स्वच्छ नसतील तर स्वयंपाकाला हात लावायचा नाही, असं ठरवलं आहे. आजपासून स्वयंपाक शिकणार.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. महिन्यापूर्वी वहिनींचे वडील पुंजाबाबा सूर्यमाळहून आले होते. खांद्यावर नागलीच्या पिठाची पिशवी, स्वतःच्या शेतातली. वहिनींनी त्याची आंबील केली. मी वास घेतला आणि म्हणालो, हे गुरांना घाला. माझं खाणं नाजूक आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी वाटी अर्धी ठेवली, हात धुतले आणि दुपारचीच जीप पकडली. त्यानंतर आले नाहीत. योगितावहिनी माझ्याशी कामापुरतं बोलतात. मुकेशदादा म्हणतो, सरळ पाया पड आणि मोकळा हो. पण नुसत्या शब्दांना काय अर्थ? मी बाबांना बोलावून स्वतःच्या हातचा बेक पास्ता खाऊ घालणार. मग माफी मागायची गरजच राहणार नाही.

मंगळवार, ७ जानेवारी. संध्याकाळी ७.

व्हिडिओ चार वेळा पाहिला. त्याखाली 'दुध' असं लिहिलं होतं. 'दूध' असा शब्द आहे, हे कळवलं. अजून उत्तर नाही.

साहित्यातून कांदा काढला, दाताखाली येतो. लसूण काढला. टोमॅटोच्या साली आणि बिया काढल्या, मग टोमॅटोच काढला. मिरी काढली. आता कृती फारच सोपी झाली आहे.

गुरुवार, ९ जानेवारी. रात्री ८.

पहिला प्रयत्न. ओव्हन नाही. म्हणून कुकरमध्ये दोन किलो जाड मीठ तापवून त्यावर डबा. शिटी काढायची होती, ती काढली. रिंगही काढायची होती. ती वितळली.

कुकर माझ्याकडे अडकल्यामुळे घरात डाळ शिजली नाही. वहिनींनी विचारलं, भाऊजी, मीठ शिजायला अजून किती वेळ? मी आच वाढवली. पण कामाशिवाय बोलल्या, हे नोंदवतो.

पास्ता खाली जळला, वर कच्चा. मधला एक थर बरा होता. म्हणजे तंत्र बरोबर आहे.

शनिवार, ११ जानेवारी. दुपारी १.

दुसरा प्रयत्न. चव पुठ्ठ्यासारखी. दोष चीज नसण्याचा. तीन दुकानं फिरलो. दुकानदार लाडक्या म्हणाला, इथं पनीर पण लग्नातच येतं रं.

घाबरत बाबांना फोन केला. उद्या जेवायला या म्हणालो. त्या दिवसाचं बोलणार होतो, पण रेंज कमी होती. त्यांनी विचारलं, येतो, काय आणू? खोडाळ्यात ते गाडी बदलतात, तिथे मोठं दुकान असेल. म्हणालो, जमलं तर चीज आणा, कधीचा शोधतोय. रेंजमुळे दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, तुला कुणी सांगितलं? बरं, आणतो.

चीजबद्दल एवढी माहिती. मी समजलो होतो त्यापेक्षा बाबा बरेच पुढारलेले आहेत.

रविवार, १२ जानेवारी. दुपारी ३ वाजून १५ मिनिटे.

बाबा आले. हातात किटली. किटलीत चीक.

त्यांची गाय परवा व्यायली. मी चीज म्हणालो, त्यांनी चीक ऐकलं. पाड्यातली पोरं वाट्या घेऊन दारात आली होती. नवशीआईंनी, म्हणजे वहिनींच्या आईंनी, त्यांना उद्या या सांगितलं. थोडा देवापुढे ठेवला आणि बाकीचा सगळा माझ्यासाठी पाठवला. म्हणाल्या म्हणे, त्या पोराला काय खाववत नाय, आज त्यानं तोंडानं मागितलंय.

खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चीक पास्त्यावर ओतला. कुकरमध्ये डबा कलला आणि मीठ आत गेलं. पाऊण तासाने उघडलं तर खारट खरवस, त्यात पास्त्याच्या नळ्या उभ्या.

दादा म्हणाला, हे खायचं की भिंतीला लावायचं? वहिनी एका घासावर दोन पेले पाणी प्यायल्या. मी बाहेर जाऊन थुंकलो. परत आलो तर बाबा जेवत होते. सगळं खाल्लं. ताट बोटाने पुसलं. कसं झालंय विचारलं, तर म्हणाले, गरम आहे. मग वहिनींना म्हणाले, पोरी, त्याला भात टाक. तो काय जेवलाच नाय.

मान वर करता आली नाही.

त्याच दिवशी, ५ वाजून २० मिनिटे.

बाबांना जीपपर्यंत सोडलं. जीप भरेपर्यंत अर्धा तास होता. त्यात मी हवामानाबद्दल बोललो. ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा म्हणालो, बाबा, माफ करा. ते आतून म्हणाले, त्यात काय, मीठ पडतं कधी कधी. शिकशील.

जीप हलली. मी म्हणालो, मिठाचं नाही. तोवर जीप वळणावर होती. शेजारच्या केळीवाल्याने विचारलं, मग कशाचं?

हिशोब: मीठ ५०. पास्ता तीन पाकिटं १३५. दूध ६०. कुकरची रिंग ९०. एकूण ३३५ रुपये. पैकी लाडक्याचे देणे ८५.

चिकाचे किती लावायचे, दादाला विचारलं. म्हणाला, चीक विकत नसतात, वाटतात. रकाना कोरा ठेवला आहे.