आजीला न्यायचं नाही

दि. ३ एप्रिल

म्हातारी एवढी जड झाली का रे? सगळं घर मोठं शहर बघायला निघालं आणि मी इथे शिंप्याकडे काजं करत बसू? आता आशीर्वाद घे. तुला, सूनबाईला आणि दोन्ही पोरांना उदंड.

चिमणीचं पत्र मी स्वतः बोट ठेवून वाचलं. नातीचं अक्षर छान, मजकूर वाईट. उंच इमारती, सरकता जिना, सगळं लिहून कागदाच्या तळाला स्पष्ट लिहिलंय, बाबा म्हणाले आजीला न्यायचं नाही. नका नेऊ. सरकत्या जिन्यावाचून माझं अडलेलं नाही. आमचा जिना जागचा हलत नाही, तरी मी वर पोचते.

पोरांना गर्दीत सांभाळा. धाकटा, आपला भोपळा, फुगा दिसला की हात सोडून पळतो, बापावर गेलाय. दोघांना लाल सदरे शिवलेत, दुरून दिसतील. शिंप्याच्या डोळ्यांत खुपतात म्हणे. खुपायलाच शिवलेत.

लोभ उरला असेल तर असू दे.

तुझी आई


दि. ७ एप्रिल

ती. सासूबाईंस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून यांच्या हातातला चहा सांडला. चिमणी आधी रडली, मग हसत सुटली. सासूबाई, कागद उलटून बघा! जागा संपली म्हणून तिने वाक्य मागच्या बाजूला पुरं केलंय. हे म्हणाले होते, आजीला न्यायचं, नाही तर जायचंच नाही. स्वल्पविराम तेवढा बाईसाहेब विसरल्या, म्हणून बापाने कान धरलाय.

तुमचं तिकीट काढलंय, खिडकीजवळचं. भोपळा आतापासून त्या जागेवर हक्क सांगतोय.

लोभ आहेच, रुसवा सोडून वाढवावा.

तुमची सून


दि. ११ एप्रिल

चि. सूनबाईस आशीर्वाद.

कागद उलटला. ‘तर जायचंच नाही’ पाठीमागे दडून बसलं होतं. कागदाला पाठ असते हे शिकायच्या आत माझी शाळा सुटली. चूक चिमणीचीच. पण तिचा कान सोडायला सांग, प्रवासात लागेल.

येते. माझ्यामुळे पोरांचं जाणं मोडायला नको, म्हणून येते. शिंपी सगळ्यांना सांगत सुटलाय की तुझं पत्र यायच्या आधीच माझं लाल पोलकं शिवून तयार होतं. कापड उरलं, शिवलं. त्याच्या तोंडालाच एक काज पाडून बटण लावायला हवं.

खिडकी माझी. भोपळ्याला मांडीवर घेईन, जागा देणार नाही.

लोभ ठेवा, डबा भरपूर घ्या.

याचं उत्तर चिमणीनेच लिहायचं. आणि कागद संपायच्या आधी वाक्य संपलं पाहिजे.

आजी